बैलाचे दात मोजणारा माणूस गाडी घेताना आंधळा का होतो?

गेल्या दसऱ्याची गोष्ट. धुळ्यातलं एक शोरूम. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहणार आहे. आमच्या शालकाने नवी गाडी घेतली. पारोळा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर मास्तर आहे, घरी थोडी कपाशी. नऊ लाखांची गाडी, त्यातले सहा बँकेचे. सकाळी अकराला या म्हणाले होते. आम्ही बायका-पोरांसह अकराला पोचलो, गाडी मिळाली संध्याकाळी पावणेसहाला.

तिथलं दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एका रांगेत अकरा गाड्या, सगळ्यांवर चकचकीत लाल कापड. डीजेवर गाणं. एकेका कुटुंबाला दहा मिनिटं. कापड ओढा, केक कापा, नारळ फोडा, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात धरा, फोटो. पुढचे या. मी आत डोकावून किलोमीटर बघितले. ११८. विचारलं, नव्या गाडीचे ११८ कसे हो? पोरगा हसला. "यार्डातून आली ना साहेब." यार्ड चार किलोमीटरवर. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, मुहूर्त निघून जाईल." शालकाने तीन-चार कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकावर छापलेलं होतं, गाडी तपासून, सुस्थितीत, समाधानपूर्वक ताब्यात घेतली. कोणी तपासली? कधी? मी तिथेच उभा होतो. मी फोटो काढत होतो.

जानेवारीत गाडी धुऊन उन्हात उभी केली तेव्हा मागचं डावं दार वेगळं दिसलं. फार नाही, एखादी छटा. सावलीत कळतच नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. बाकीच्या दारांवर ११०, ११५, १२० मायक्रॉन. या दारावर ३०० च्या वर. तो म्हणाला, "भाऊ, हे दार ठोकून, लांबी भरून परत रंगवलेलं आहे. आणि दाराच्या बिजागरीचे नट बघा, पाना लागलाय." कंपनीतून आलेल्या गाडीत नटाचा रंग शाबूत असतो. इथे तो उडालेला होता.

शोरूमला गेलो. उत्तर तयार होतं. डिलिव्हरी नोटवर तुमची सही आहे. तीन महिने गाडी तुमच्याकडे होती. कशावरून तुम्हीच कुठे ठोकली नाही? शालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ द्या ना जिजाजी, लोक काय म्हणतील." आणि सासरे, ज्यांनी आयुष्यात वीस-बावीस बैल घेतले असतील, ते ओट्यावर बसून एवढंच बोलले, "बैल लेतांना दात देखतस, आन् गाडी लेतांना फोटो काढतस!"

त्यांच्या या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. आखाजी तोंडावर आली आहे, पुन्हा रांगा लागतील, त्याआधी वाचा.

आपण खान्देशी माणसं काही भोळी नाही. बैलबाजारात आपला शेतकरी बैलाचा जबडा उघडून दात मोजतो, दुदाती आहे की चारदाती की जुळलेला, ते स्वतः बघतो. खूर उचलतो, खांद्यावर हात फिरवतो, मग गाडीला जुंपून चालवून बघतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा भोवरे बघतो, दात बघतो, पळवून बघतो, आणि मग रुमालाखाली बोटं धरतो. जळगावच्या सराफ बाजारात बाया-माणसं दोन ग्रॅमच्या कानातल्यावर भिंग लावून सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर शोधतात. १ एप्रिल २०२३ पासून त्या नंबराशिवाय सोन्याचा दागिना विकताच येत नाही, हे आता खेड्यातल्या म्हातारीलाही माहीत आहे. भरताचं वांगं घेताना आपण ते चार वेळा दाबून बघतो, उचलून वजनाचा अंदाज घेतो.

आणि नऊ-दहा-पंधरा लाखांची वस्तू लाल कापडाखाली घेतो.

गाडीवरही नंबर असतो. सतरा अक्षरांचा चेसिस नंबर, ज्याला व्हीआयएन म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२ वा नियम सांगतो की चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष गाडीवर उमटवलेलं असलं पाहिजे. बऱ्याच कंपन्यांच्या सतरा अक्षरांतच महिना आणि वर्ष दडलेलं असतं. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गाडीचा हा नंबर पैसे भरण्याआधी बघितला? मी नाही बघितला. दोन गाड्या घेतल्या आजवर.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं नवी गाडी म्हणजे कारखान्यातून थेट आपल्या दारात. तसं नसतं. चाकण असो, साणंद असो की हरियाणा, गाडी ट्रेलरवर चढते, उतरते, यार्डात उभी राहते, मग शाखेत जाते. चढवताना-उतरवताना घासतं, दार लागतं, बंपर लागतो. कधी ट्रेलर नसतो म्हणून ड्रायव्हर एका शहरातून दुसऱ्या शहरात गाडी चालवतच नेतो. जळगाव ते धुळे पंचाण्णव-शंभर किलोमीटर होतात. आमचे ११८ कुठून आले याचा माझा अंदाज तुम्ही ओळखला असेल, पण तो अंदाजच आहे, पुरावा नाही. आणि पुरावा नाही हीच तर रड आहे. यार्डसुद्धा आपलं जळगाव-भुसावळकडचं, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उघड्यावर. बॅटरी उतरते, रबर कडक होतं, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात.

गेल्या वर्षी तर यात भर पडली. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि लोकांनी खरेदी थांबवली. शहाणपणाचंच होतं ते. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के आणि वरचा सेस यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. म्हणजे महिनाभर गाड्या यार्डात पावसात उभ्या, आणि मग घटस्थापना ते दिवाळी अशी झुंबड की कोणाला श्वास घ्यायला वेळ नाही. अशा गर्दीत कुठली गाडी कुठे घासली, कोणी रंगवली, कोण विचारतो?

ट्रेलरवर दार घासलं याबद्दल माझी तक्रार नाही. घासणारच. घासलं तर दुरुस्त करा, मला सांगा, बिलावर लिहा, किंमत कमी करा किंवा दुसरी गाडी द्या. लपवून नवी म्हणून विकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ यालाच अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. जुनी, दुरुस्त केलेली, डागडुजी केलेली वस्तू नवी म्हणून विकणं, असं त्यात स्पष्ट आहे.

हा रोग फक्त धुळे-जळगावचा नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात एका डॉक्टरने १९९० मध्ये चाळीस हजार डॉलरची बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी चकाचक करून देणाऱ्या माणसाने त्याला सांगितलं की ही परत रंगवलेली आहे. कोर्टात कंपनीने सरळ मान्य केलं की आमचं धोरणच आहे, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही डीलरलासुद्धा सांगत नाही. ज्युरीने चार हजार डॉलर भरपाई आणि वर चाळीस लाख डॉलर दंड लावला. तो पुढे कमी होत होत पन्नास हजारांवर आला, १९९६ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानेच एवढा दंड अवाजवी ठरवला. पण निदान कंपनीला ते धोरण बदलावं लागलं. आपल्याकडे धोरण काय आहे ते विचारायचीही सोय नाही.

जवळचं उदाहरण गोव्याचं. २०११ मध्ये एका ग्राहकाने नवी गाडी म्हणून पैसे भरले. मिळाली ती २००९ च्या बनावटीची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, चाकांवर ओरखडे. तो ग्राहक मंचात गेला आणि जिंकला. मंचाने गाडी बदलून द्या किंवा व्याजासह पैसे परत करा, असा आदेश दिला. पुढे राज्य, पुढे राष्ट्रीय आयोग, पुढे सुप्रीम कोर्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. कोर्टाने टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण कंपनी डीलरला गाडी विकून मोकळी होते, डीलरने पुढे काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं असा पुरावा नव्हता. जबाबदारी राहिली डीलरवर. म्हणजे फलकावर नाव कंपनीचं, विश्वास कंपनीच्या नावावर, आणि लफडं झालं की तुम्ही आणि डीलर. तेही दहा वर्षं. आपल्या मास्तरने दहा वर्षं तारखा करायच्या का? आणि २००६ चा सुप्रीम कोर्टाचाच एक निकाल आहे, मारुतीच्या गाडीबद्दलचा. वॉरंटीत सदोष भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही. तेव्हा ताबा घेतल्यावर "गाडी बदलून द्या" म्हणणं किती अवघड आहे ते लक्षात घ्या.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे ते सांगतो. पूर्वी नवी गाडी आरटीओत न्यावी लागायची. इन्स्पेक्टर यायचा, चेसिस नंबर ताडून बघायचा. त्या काळाची मला आठवण काढून रडायचं नाही, एजंटांचा तो बाजार आपण सगळ्यांनी भोगलाय. पण २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला. अधिकृत डीलरने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर आणायची गरज नाही. अर्ज डीलरच करतो. आणि नंबरप्लेट लागल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. दोन्ही गोष्टी सोयीच्या आहेत, वेगवेगळ्या बघितल्या तर चांगल्याच आहेत. एकत्र बघा. सरकारचा माणूस गाडी बघत नाही. आणि तुम्ही गाडी पहिल्यांदा बघता तेव्हा बिल झालेलं असतं, विमा झालेला असतो, कर भरलेला असतो, एमएच १८ किंवा एमएच १९ ची प्लेट लागलेली असते, गाडी कागदोपत्री तुमची झालेली असते. आता दार वेगळ्या रंगाचं दिसलं तर परत कोण घेईल? परत घेतली तर तिचा पुढचा मालक दुसरा मालक ठरतो. डीलर कशाला मानेल?

म्हणजे मधला तिसरा डोळा गेला आणि त्या जागी दुसरा बसवलाच नाही. उरला ग्राहक, आणि त्याला आपण शेवटी बोलावतो, केक कापायला.

म्हणून गाडी तपासायची ती नोंदणीच्या आधी. डिलिव्हरीच्या दिवशी नाही. पूर्ण पैसे भरण्याआधी शोरूमला सांगायचं की मला कुठल्या चेसिस नंबरची गाडी देताय ते लेखी द्या, ती गाडी यार्डात दाखवा, बघून झाल्यावर बिल करा. ते म्हणतील, "आमच्याकडे असं चालत नाही, कंपनी पॉलिसी नाही." हे ऐकून गप्प बसू नका. १९३० चा मालविक्री कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, अजून लागू. त्याचं कलम ४१ सांगतं की विकत घेणाऱ्याने मागितलं तर विकणाऱ्याने माल तपासण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. दिलीच पाहिजे. शोरूमची पॉलिसी पार्लमेंटच्या कायद्यापेक्षा मोठी कधी झाली? आणि गंमत म्हणजे डीलरचा स्वतःचा मेकॅनिक गाडी देण्याआधी तपासणी करतोच, कंपनीने दिलेला छापील कागद असतो त्याचा, त्यावर सही असते. तो कागद मागा. फुकट आहे.

बघायचं काय? मी मेकॅनिक नाही, पण त्या दारानंतर बरंच शिकलो. दिवसा जा, आणि गाडी उन्हात काढायला लावा, शोरूमच्या दिव्यांखाली सगळंच चमकतं. चेसिस नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा अक्षर-अक्षर जुळवा. बनावटीचा महिना बघा, दोन-तीन महिने जुनी असणं नेहमीचं आहे, पण सहा-आठ महिने जुनी असेल तर सवलत मागा, आणि डिसेंबरची गाडी जानेवारीत घेत असाल तर विकताना एक वर्ष जुनी धरली जाईल हे आत्ताच हिशोबात घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. टायर गाडीपेक्षा थोडा जुना असणं बरोबर, कारण टायर आधी बनतो. टायर गाडीपेक्षा नवा निघाला तर विचारा, जुना कुठे गेला? काचांवर कोपऱ्यात छाप असतो, एकच काच वेगळ्या छापाची असेल तर तेच विचारा. दारं, बॉनेट, डिकी यांच्या नटांना पाना लागलाय का बघा. दाराचं रबर जरा ओढून खाली रंगाची कड दिसते का बघा. पायाखालच्या चटईखाली हात घाला, ओल आहे का. एसी वीस मिनिटं चालवा, आपल्या भागात एसी नाही चालला तर उरलेली गाडी चुलीत घालायची का? आणि घरात कोणी गॅरेजवाला, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन असेल तर त्याला न्या. फोटोवाल्याआधी त्याला न्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी वेगळी पोस्ट लिहावी लागेल, पण दोन वाक्यं इथेच. धुळ्यात सुरतेकडच्या गाड्या खूप येतात, गाडीने कधी पुराचं पाणी बघितलंय का ते सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. आणि विकणाऱ्यांनी ऐका, गाडी नावावरून उतरली का ते स्वतः तपासा, कारण २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे अपघात झाला तर रजिस्टरवर ज्याचं नाव, भरपाई त्याच्या गळ्यात, मग गाडी चार हात पुढे गेलेली का असेना. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते दुकानात लावलंय का तेवढं विचारा आणि चेहरा बघा.

शोरूमवाल्यांची बाजूही ऐकली मी. एक ओळखीचे आहेत, त्यांनी तासभर सुनावलं. म्हणाले, हल्ली प्रत्येक जण मोबाइलवर व्हिडिओ बघून येतो आणि आम्हाला चोर समजतो, सीटच्या शिलाईत एक धागा सुटला तरी गाडी नको म्हणतो. हे खरं आहे. अशी माणसं आहेत आपल्यात, आणि तो जो पोरगा मुहूर्त मुहूर्त करत होता त्याला महिन्याचं टार्गेट आहे, त्या दिवशी सकाळपासून तो जेवलाही नसेल. त्याच्यावर माझा राग नाही. पण साहेब, तुमचा माल चोख असेल तर उजेडात दाखवायला काय हरकत? सराफाने कधी म्हटलंय का, दागिना नोंद झाल्यावर बघा?

आता करायचं काय. ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक संरक्षण परिषद असते आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे. त्यांच्याकडे अर्ज देतोय. मागण्या तीनच आहेत. नोंदणीआधी चेसिस नंबर लेखी कळवून दिवसा गाडी दाखवणं. डीलरच्या तपासणीच्या कागदाची प्रत ग्राहकाच्या सहीसह फाइलला जोडणं. आणि ताब्यात देण्याआधी रंगकाम, ठोकाठोकी, बदललेला भाग असेल तर तो बिलावर लिहिणं. डीलरना ट्रेड सर्टिफिकेट देणारं आरटीओ आहे. कायदा बदलणं त्यांच्या हातात नाही हे मलाही कळतं, पण जिल्ह्यातल्या डीलरना एक पत्र काढायला आणि ते ऑफिसच्या भिंतीवर लावायला कोणाची परवानगी लागते? नंतर परिवहन आयुक्तांकडे जाऊच.

ज्यांचं आधीच फसलंय त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात जा. गाडी नाशिक, पुणे, इंदूर कुठूनही घेतलेली असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्ह्यातच चालतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ वर फोन करून नोंद करून ठेवा. डिलिव्हरीच्या कागदावर सही झालीय म्हणून घाबरू नका, पण यापुढे कोणी न बघता सही मागितली तर सहीच्या वर पेनाने लिहा, "गाडी उन्हात पाहिलेली नाही". एवढं लिहिलं की बघा कशी धावपळ होते ती.

शालक तयार नव्हता. काल रात्री फोन आला, म्हणाला, जिजाजी, शाळेत पोरांना मी रोज सांगतो प्रश्न विचारा म्हणून. सोमवारी रजा टाकून जळगावला येतोय. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, धुळ्याचा अर्ज द्यायला तिथलं कोणीतरी हवंय, मेसेज करा. त्याला म्हटलं, एसटीने येऊ नको, गाडी घेऊन ये, आणि साडेबाराच्या आत पोच. दार उन्हात दाखवायचंय.